मुळे सरांचे बत्तीस हजार

हेमचंद्र मुळे आयुष्यात फारसं खोटं बोललेला नाही. बोलला तो एकाच आकड्यापुरता. पण तो आकडा त्याने इतकं मन लावून आणि इतकी वर्षं सांभाळला, की त्यापायी एका शहाण्या मुलीची नोकरी जायची वेळ आली आणि अडतीस माणसांची मेहनत एका रविवारी पाण्यात जायला निघाली. आता ही हकीकत तो स्वतःच हसत हसत सांगतो. रडत सांगितली तर ऐकणाऱ्याला वाटेल, बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

नेवाशात साठ खाटांचं एक खाजगी हॉस्पिटल आहे असं समजा. कुठलं ते विचारू नका. तळमजल्यावर एक्स-रेच्या खोलीला लागून तिथली लॅब, आणि त्या लॅबमध्ये अठरा वर्षं हेमचंद्र. हाताखाली शिकाऊ पोरं येत-जात असल्यामुळे सगळे त्याला मुळे सर म्हणायचे आणि हळूहळू त्यालाही आपण कुणीतरी सर आहोत असं वाटायला लागलं होतं. रक्त काढण्यात त्याचा हात हलका होता. पण त्याची खरी ख्याती वेगळीच होती. हा माणूस तोंड उघडत नाही, अशी. तालुक्यातल्या कुठल्या पुढाऱ्याची साखर चारशेवर गेली, निर्व्यसनी म्हणवणाऱ्या कुणाचं लिव्हर काय सांगतंय, कुणाच्या घरी लग्नाची तारीख अलीकडे ओढावी लागणार, हे सगळं त्याच्या पोटात असायचं आणि तिथेच राहायचं. बायकोलासुद्धा तो काही सांगत नसे. लीना म्हणायची, "तुमच्याशी लग्न करून मला गावातली एक बातमी कधी मिळाली नाही."

हॉस्पिटलचे मालक डॉक्टर म्हणजे मोठे सर. दर दिवाळीच्या आधी ते एकेकाला केबिनमध्ये बोलवायचे आणि दार लावून घ्यायचे. चहा मागवायचे, तोही कपबशीतला, कागदी कपातला नाही. मग खुर्ची पुढे ओढून, आवाज खाली आणून म्हणायचे, "हेमचंद्र, तुझे पाचशे वाढवलेत. पण हे आपल्या दोघांत. बाहेर कळलं तर बाकीचे माझ्या उरावर बसतील." हेमचंद्र केबिनबाहेर यायचा तो छाती फुगवून. पाचशे रुपयांचं त्याला एवढं नव्हतं, पण त्या 'आपल्या दोघांत'चं भारी अप्रूप होतं. अडतीस जणांच्या स्टाफमध्ये सरांनी विश्वासात घेतलेला माणूस एकच, आणि तो आपण! अशी अठरा वर्षं तो विश्वासात राहिला आणि विश्वासात राहता राहता साडेसतरा हजारांवर पोहोचला.

साडेसतरा हा मिळायचा आकडा. सांगायचा आकडा बत्तीस.

बत्तीसचा जन्म नगरला, चुलतभावाच्या वास्तुशांतीत झाला. पंगतीत शेजारी बसलेल्या भावाने विचारलं, "हेमा, तुला आता किती मिळतात रे?" या भावाचा मुलगा पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत, त्यामुळे त्यांच्या घरात लाखाच्या खालचा आकडा कुणी उच्चारत नव्हतं. हेमचंद्राच्या तोंडात जिलबी होती. ती गिळून होईपर्यंत विचार करायला चांगला वेळ होता, तो त्याने वाया घालवला आणि म्हणाला, "बत्तीसच्या आसपास." साडेसतरा जर बत्तीसच्या आसपास असतील तर नेवासा मुंबईच्या आसपास आहे. पण भावाने मान डोलावली, वाढप्याला हाक मारून "यांना मठ्ठा आणा" म्हणाला, आणि तो आकडा हेमचंद्राच्या अंगाला बसला. त्यानंतर कुणी विचारलं की बत्तीस. नवीन सिस्टरने विचारलं, बत्तीस. बँकेतल्या ओळखीच्या कारकुनालाही त्याने एकदा बत्तीस सांगितले, आणि त्या कारकुनाला त्याच्या खात्यात दर महिन्याला काय जमा होतं ते समोर दिसत होतं. हे कळल्यावर लीना एवढंच म्हणाली, "वरचे साडेचौदा हजार कुठे ठेवता तेवढं सांगा. गॅस संपलाय."

तर असं सगळं सुरळीत चालू असताना मोठ्या सरांचे चिरंजीव धवल पुण्याहून मॅनेजमेंट शिकून आले आणि हॉस्पिटलचा कारभार बघू लागले. त्यांनी नर्सिंगवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाहिरात टाकली. स्टाफ नर्स पाहिजेत, अनुभवाची अट नाही, पगार अठरा हजार. आपल्याच हॉस्पिटलातल्या सगळ्या सिस्टर त्याच ग्रुपवर आहेत, हे त्यांच्या अभ्यासक्रमात नसावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चादरी आणि गाऊन ठेवायच्या खोलीत माणसं जमली. ज्यांची ड्यूटी नव्हती ते आले, ज्यांची होती तेही निसटून आले. जमवलं होतं पंकजाने. पंकजा पाथर्डीकडची, चार वर्षं इथे स्टाफ नर्स. आई-बाप दरवर्षी ऊसतोडीला जाणारे, पण पोरीला त्यांनी कोयत्यापासून लांब ठेवलं आणि नर्सिंगला घातलं. कामात चोख, बोलायला मवाळ. चिडली की मात्र गावाकडचं बोलायची.

"मला दिवाळीत मोठे सर म्हणाले, हे आपल्या दोघांत," पंकजाने सुरुवात केली. "अजून कुणाकुणाला म्हणाले?"

मग भागूबाई मावशींनी पदर सावरला. भागूबाई हॉस्पिटलच्या पहिल्या दिवसापासूनच्या आया. बाळंतिणीच्या खोलीपासून ऑपरेशन थिएटरपर्यंत त्यांच्यावाचून कुणाचं पान हलत नसे.

"मला बी त्येच म्हनले," त्या म्हणाल्या. "च्या पाजला. कपबशीत."

"मला पण," अँब्युलन्सचा ड्रायव्हर अंगद म्हणाला. मग एक्स-रेवाला म्हणाला, मग मेडिकलच्या काउंटरवरचा, मग दोन सिस्टर एकदमच. हेमचंद्र चादरींच्या गठ्ठ्याला टेकून उभा होता. आपल्यासाठी म्हणून हाताने लिहिलेली चिठ्ठी अठरा वर्षं जपून ठेवावी आणि एके दिवशी ती छापील लग्नपत्रिका निघावी, तसं त्याला झालं. पगार कमी आहे याचं दुःख त्याला त्या क्षणी झालंच नाही. दुःख झालं ते कपबशीचं.

"आमच्याकडं तोडीचा भाव सगळ्या गावाला म्हाईत असतो," पंकजा आता चिडली होती. "टनाला काय मिळतं, मुकादमानं कुनाला किती उचल दिली, समदं. भाव पटला न्हाई तर एक कोयता गाडीत चढत न्हाई. माझी आई अंगठा देते, पन तिला तिचा भाव ठाऊक हाय. आन् आपन शिकल्याली मानसं! शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टरला काय मिळतं ते आपल्याला म्हाईत न्हाई. चला, आत्ता सांगू एकमेकांना."

सगळ्यांनी माना डोलावल्या आणि कुणीही सांगितलं नाही. जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. रोज परक्या माणसांचे कपडे उतरवून त्यांना स्वच्छ करणारी ही माणसं, पण पगार सांगायचा म्हटल्यावर नव्या नवरीपेक्षा लाजली. शेवटी अंगदने तोड काढली. नाव लिहायचंच नाही. चिठ्ठीवर फक्त दहा वर्षांच्या वर की खाली, आणि आकडा. चिठ्ठ्या गोळा करायच्या एका भरवशाच्या माणसाने.

"मुळे सर," चारपाच जण एकदम म्हणाले.

हेमचंद्राला केवढी धन्यता वाटली! एकीकडून गेलेला विश्वास दुसरीकडून लगेच परत आला. त्याने आपणहून सुचवलं की चिठ्ठ्या लघवीच्या नमुन्याच्या डब्यांमध्ये टाकाव्यात, अर्थातच नव्याकोऱ्या. डबीवर नाव नाही, फक्त नंबरची पट्टी. लॅबच्या खिडकीत रोज शंभर डब्या येतात, त्यात या कुणाच्या डोळ्यावर येणार नाहीत. ही युक्ती सगळ्यांना फार आवडली आणि अडतीस जणांनी तीन दिवसांत आपापला पगार लघवीच्या डबीत घालून लॅबच्या खिडकीत ठेवला. आपल्या पगाराची हीच योग्य जागा आहे, असं एक्स-रेवाला म्हणाला.

अडतीस म्हणजे सदतीस. हेमचंद्राची डबी रिकामीच होती. शनिवारी दुपारी त्याने लॅबचं दार लोटून सदतीस चिठ्ठ्या उघडल्या, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की सर्वात मोठा आकडा एकवीस आहे. बारकाईने पाहिलं, सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा चाळल्या. बत्तीस कुठेच नव्हते, आणि असणार तरी कुठून. आता झाली पंचाईत. अख्ख्या हॉस्पिटलला माहीत होतं की मुळे सरांना बत्तीस मिळतात. यादी बाहेर आली आणि सर्वात वर एकवीसच दिसले, तर पहिला प्रश्न येणार, मुळे सरांची चिठ्ठी कुठंय? त्याने पेन उघडलं. 'दहा वर्षांच्या वर' असं लिहिलं. पुढे साडेसतराचा पहिला आकडा लिहायला हात निघाला, थबकला, आणि त्याने तीनवर दोन लिहून पुढे तीन शून्यं काढली.

स्वतःची समजूत काढण्यात तो कधीच कमी पडलेला नाही. आपण मोठा आकडा लिहिला म्हणजे सगळ्यांचंच भलं, मागणी वर जाईल, असं त्याने स्वतःला पटवलं. मग नेहमीच्या सवयीने लॅबच्या रिपोर्टसारखाच तक्ता केला. चिठ्ठ्या अडतीस, सर्वात कमी साडेआठ, सर्वात जास्त बत्तीस, सरासरी इतकी. तो तक्ता पंकजाने समोर ठेवून मागण्या लिहून काढल्या. नव्या नर्सला जेवढे देता त्याहून जुन्या नर्सला कमी नको. आणि दहा वर्षं झालेल्या प्रत्येकाला, मग तो कुणीही असो, सर्वात वरच्या पगाराच्या निदान निम्मे, म्हणजे सोळा हजार. अडतीस सह्या आणि अंगठे झाले. या मागण्या मान्य झाल्या असत्या तर जवळजवळ सगळ्यांचे पगार वाढले असते. वाढणार नव्हता तो मुळे सरांचा, कारण सोळाच्या वर ते आधीच होते आणि लोकांच्या लेखी तर बत्तीसवर. स्वतःच्या पायावर एवढा बेतशीर धोंडा पाडून घेणारा माणूस दुसरा नसेल.

रविवारी ओपीडी बंद असते. दुपारी वेटिंग हॉलमध्ये मोठे सर आणि धवल सर आले, स्टाफ खुर्च्यांच्या मागे उभा राहिला. बसायला कुणी सांगितलं नव्हतं आणि आपणहून बसायची सवय नव्हती. पंकजाने कागद दिला. मोठ्या सरांनी चष्मा चढवला, वाचत खाली आले आणि थांबले.

"बत्तीस? बत्तीस हजार मी कुणाला देतोय?" ते हसले. मनापासून हसले, त्यात कपट नव्हतं. "अहो, मला सांगा तरी, मी त्यालाच हॉस्पिटल चालवायला देतो."

धवल सर हसले नाहीत. त्यांनी मांडीवरचा लॅपटॉप उघडला, पगाराची यादी काढली आणि खाली-वर पाहिली. "डॉक्टर सोडले तर सर्वात जास्त एकवीस आहेत, पप्पा. बत्तीस कुणालाच नाहीत. हा कागद खोटा आहे."

"एखादा आकडा चुकला असेल, सर," पंकजा म्हणाली. "बाकीचे..."

"एक खोटा तर बाकीचे सदतीस खरे कशावरून?"

हेच वाक्य हेमचंद्र अठरा वर्षं शिकाऊ पोरांना सांगत आला होता. मशीनवर रोज सकाळी आधी तपासणीचा नमुना लावायचा, ज्याचं उत्तर आपल्याला माहीत असतं. तो चुकला की त्या दिवशीचे सगळे रिपोर्ट रद्द, मग बाकीची रक्तं कितीही चांगली असोत. त्याच्या हातून असला रिपोर्ट कधी बाहेर गेला नव्हता. आज गेला होता, आणि त्यात बिघडलेला नमुना तो स्वतः होता.

"कागद कुणी केला?" धवल सरांनी विचारलं.

"मी लिहिलाय," पंकजा म्हणाली.

"मग ही बत्तीसची चिठ्ठी कुणाची?"

पंकजाने कागदाकडे पाहिलं, मग फरशीकडे. हेमचंद्राकडे तिने पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, आणि त्यावरूनच त्याला कळलं की तिला कळलंय. नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यानेच तिला तो आकडा सांगितला होता, तोही न विचारता.

"नावं सांगायची न्हाईत असं ठरलंय, सर."

"मग जबाबदारी तुझी. खोटे आकडे आणून तू स्टाफला भडकवलंस. उद्यापासून येऊ नकोस."

हॉलमध्ये कुणी हललं नाही. हेमचंद्र तर मुळीच नाही. अशा वेळी मनात काय काय येतं ते ऐका. त्याच्या मनात आलं, पोरगी हुशार आहे, हिला कुठेही अठरा मिळतील. त्याच्या मनात आलं, संध्याकाळी मोठ्या सरांना एकट्याने गाठून सगळं सांगता येईल, अगदी आपल्या दोघांत. लीनाला काय वाटेल, हेही आलं, जसं काही लीनाला ठाऊक नव्हतं. पुरता मिनिटभर तो असा उभा राहिला. त्या मिनिटाची त्याला आजही लाज वाटते, बत्तीस हजारांपेक्षा जास्त.

"ठीक हाय, सर," पंकजा म्हणाली. "न्हाई येत उद्यापासनं. पन माझा आकडा खोटा न्हाई. चार वर्षं, साडेतेरा हजार. बघा तुमच्या यादीत."

मोठ्याने, सगळ्यांसमोर, स्वतःचा पगार सांगणारं त्या हॉस्पिटलातलं हे पहिलं माणूस. हेमचंद्राने हात वर केला. अर्धाच वर केला, वर्गात लघवीला जायची परवानगी मागावी तसा.

"सर, ती चिठ्ठी माझी आहे."

"तुझी?" मोठ्या सरांनी चष्मा काढला. "हेमचंद्र, तुला कुठे बत्तीस मिळतात?"

"नाही मिळत. साडेसतरा मिळतात. बत्तीस मी सांगतो."

"सांगतो म्हणजे?"

"लोकांना सांगतो, सर."

मागून कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं. हेमचंद्राचे कान तापले. आता सुरुवात झालीच होती तर त्याने शेवटापर्यंत जायचं ठरवलं. "अठरा वर्षं झाल्यावर साडेसतरा म्हणायला तोंड उघडत नाही. पंकजाला यातलं काही माहीत नव्हतं. काढायचं तर मला काढा."

"पण तू कधी मागितलं नाहीस," मोठे सर म्हणाले. त्यांना खरंच आश्चर्य वाटलेलं दिसत होतं.

"तुम्ही विश्वासात घेतलं होतं, सर. मग मागणार कसं?"

धवल सरांनी आता बोलायला तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी भागूबाई पुढे आल्या.

"सायेब, माझी बी चिठ्ठी खोटी हाय."

"तुमची?"

"मला लिव्हता येत न्हाई. अंगदकडून लिव्हून घेतली. आता त्येच्या म्होरं सात हजार सांगायचं म्हंजी... बावीस वर्सं झाली मला हितं. लाज वाटली. नऊ सांगितलं."

अंगद खाली बघत म्हणाला, "मावशीनं नऊ सांगितलं, मग मी माझे बारा कसे लिहू? मला गाडी चालवायला येते, मला जास्त पाहिजेत. तेरा लिहिले." एक्स-रेवाल्याने दीड हजार वाढवले होते, कारण आपलं अक्षर मुळे सर ओळखतात, आणि बत्तीसवाल्या माणसाला खरा आकडा दाखवायची लाज वाटली. वॉर्डातल्या एका सिस्टरने हजार. रिसेप्शनच्या बाईंनी पाचशे, म्हणजे खोट्यातही काटकसर. मोजून बारा जणांनी कबूल केलं. पगारवाढ मागायला निघालेल्या माणसांनी लाजेपायी स्वतःचे पगार फुगवून मालकाची बाजू भक्कम केली होती, असलं आंदोलन नेवासा तालुक्यात पूर्वी कुणी केलं नसेल. हेमचंद्राने मनातल्या मनात बेरीज केली. सगळं मिळून साडेसत्तावीस हजारांचं खोटं निघालं, त्यातलं निम्म्याहून जास्त त्याचं एकट्याचं. सरासरी माणशी सातशे रुपयांनी खाली आली.

"म्हणजे कागद खोटाच होता," धवल सर म्हणाले, पण आता त्यांच्या आवाजात जोर नव्हता.

"होता," पंकजा म्हणाली. "लॅपटॉप उघडाच हाय, सर. भागूबाई मावशींचा आकडा बघा की. सात हाय का नऊ?"

धवल सरांनी लॅपटॉप मिटायला हात घातला.

"मिटू नकोस," मोठे सर म्हणाले. "बघ."

बघायला फार वेळ लागला नाही. सांगायला लागला. "सात," धवल सर म्हणाले.

मोठ्या सरांच्या नातवंडांना पहिली आंघोळ भागूबाईंनीच घातली होती. त्यांनी तो कागद पुन्हा हातात घेतला, घडी घातली, घडी उलगडली. "अडतीस जणांशी एकदम मला बोलता येणार नाही," शेवटी ते म्हणाले. "बुधवारी सकाळी ओपीडीच्या आधी तिघांनी या. आकडे खरे आणा, नावासकट. पंकजा, तू उद्या ड्यूटीवर ये." पगार वाढवतो असं ते म्हणाले नाहीत. पण केबिनमध्ये एकेकट्याने नव्हे, तिघांनी या म्हणाले, एवढं सगळ्यांनी ऐकलं.

दोघं बाप-लेक गेल्यावर माणसं पहिल्यांदा खुर्च्यांवर बसली. हेमचंद्र पाण्याच्या कूलरपाशी पंकजाला गाठून म्हणाला, "तू माझं नाव घ्यायला हवं होतंस."

"ठरलं होतं ना, सर."

"माझे बत्तीस तुला खरे वाटले होते?"

"मला नगरला दोनदा बोलावलं होतं, सर. एका ठिकाणी सोळा देत होते. मी गेले नाही. म्हटलं, इथं माणूस टिकला की मुळे सरांसारखा बत्तीसला जातो. टिकू आपणही."

ती हे रागाने बोलली नव्हती, म्हणूनच हेमचंद्राला ते सोसलं नाही. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की आपलं खोटं आपल्यापुरतं आहे, कुणाचं काही घेत नाही. त्या आकड्याच्या भरवशावर ही मुलगी साडेतेरात राबत राहिली होती, हे त्याला आज कळलं. त्याने नळ सोडला, पेला भरला आणि न पिताच तसाच हातात धरून उभा राहिला. पंकजाने त्याच्या माफीची वाट पाहिली नाही. ती आत जाऊन बुधवारची माणसं ठरवायला बसली.

तिघांत पंकजा आणि भागूबाई लगेच ठरल्या. तिसऱ्यावर घोळ सुरू झाला. कुणी अंगदचं नाव घेतलं, कुणी एक्स-रेवाल्याचं, दोघंही मागे सरकले.

"मुळेसरास्नी घ्या," भागूबाई म्हणाल्या.

"मला नको, मावशी," हेमचंद्र दारातून म्हणाला. "सगळ्यात मोठं खोटं माझं. माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?"

"म्हनून तर तुमीच चला," भागूबाई म्हणाल्या. "आमी अजून काय काय झाकून ठिवलं आसंल कुनाला ठावं. तुमच्याकडं आता झाकायला ऱ्हायलंय काय?"

हेमचंद्राने खुर्ची ओढली, पंकजाकडून कोरा कागद घेतला, पहिल्या ओळीत स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं आणि त्यापुढे सतरा हजार पाचशे.